नीरफणसाला सांगितलेलं

लोसालिनला मी ओळखत होतो असं म्हणायची माझी छाती नाही. आमच्या बेटावर नेआफूच्या इस्पितळात ती सोनोग्राफीचं यंत्र चालवायची आणि शनिवारी माझ्याकडून मासळी घ्यायची, एवढंच. तिला मुलं किती, हेसुद्धा मला ती गेल्यावर कळलं.

माझी बहीण तालिता तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही मुलं पोट चिरून काढलेली. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, म्हणून तपासणीला मी घेऊन गेलो. आमच्यात बहिणीच्या अंगाविषयी भावाने चकार शब्द ऐकायचा नसतो. लोसालिन चित्र घेऊन बाहेर आली, “वार” एवढंच म्हणाली, आणि मी उठून चालू लागलो. मर्यादा पाळल्याच्या ऐटीत मान ताठही झाली असेल. वादळात होडी घालणारा मी एका शब्दाला भिऊन अंगणातल्या नीरफणसाखाली जाऊन उभा राहिलो.

ती मागोमाग आली आणि माझ्याकडे पाठ करून झाडासमोर उभी राहिली.

“नीरफणसा, एका बाईची वार जुन्या टाक्यांवर बसलीय. वार आणि पिशवीच्या मध्ये एरवी एक काळी बारीक रेघ दिसते, ती हिच्यात नाही. चित्र खात्री देत नाही, पण माझा जीव खालीवर होतोय. बाळ झाल्यावर वार सुटली नाही आणि कुणी ओढली, तर बाई रक्त जाऊन मरेल. इथं तेवढं रक्त नाही. शुक्रवारच्या बोटीनं तिला राजधानीला न्यायला हवी, रक्त देणारी माणसं सोबत घेऊन. तिचा भाऊ ठोंब्या आहे. तू तरी ऐक.”

मी विचारलं, तेही झाडालाच, “किती माणसं?”

“सहा. ठोंब्या धरून सात.”

शुक्रवारी आम्ही सात जण तालिताला घेऊन बोटीत चढलो. राजधानीत डॉक्टरांनी आधीच तयारी ठेवली होती. चित्र खरं निघालं. पिशवी काढावी लागली, पण तालिता वाचली, मुलगीही वाचली. सुई पाहून मी आडवा झालो, हे चुलतभाऊ अजून सगळ्यांना सांगतात.

लोसालिनचे आभार मानायचे राहिले. मानायला गेलो असतो तर वारेचं नाव काढावं लागलं असतं. एकोणीस वर्षं तिच्यासाठी चांगला मासा बाजूला काढत राहिलो. ती गेली त्याच्या आदल्या शनिवारीही आली होती.

“ताजा आहे का?”

“सकाळचाच.”

“मग डोकं टाकू नकोस. नारळाच्या दुधात घालायचंय.”

“ठेवलंय,” मी म्हणालो.