माझ्या शेळीच्या दुधावर वाढलेली सवत

मिलिटरीतनं रिटायर होऊन आमचे मालक घरी आले, तवा मला वाटलं, आता हा माणूस माझा. सगळी जवानी सरहद्दीवर गेली, आता तरी शेजारी बसून चहा पितील. कुठलं काय! गावामागच्या डोंगरावर फॉरेस्टवाले चितळं वाढवतात, तिथं राखणीला लागले. आणि एका उन्हाळ्यात तिथं आई मेलेलं एक पाडस सापडलं. तीच माझी सवत.

सवत म्हणते ते उगाच न्हाई. मी आटपाडीकडची, शेरडा-मेंढरांत वाढलेली. सासर ऊसवाल्यांचं, तरी हट्टानं एक शेळी मी दारात बांधलीच हुती. तिचं दूध बाटलीत भरून रोज डोंगरावर जायला लागलं. शेळी माझी, नवरा माझा, आणि लाड कुणाचे? तर डावा कान फाटलेल्या त्या ठिपकेवाल्या बयेचे!

वर तिथला नियम असा, की पाडसाला एकाच माणसानं पाजायचं, अंगात रोज तोच शर्ट, आणि तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. माणसाचा लळा लागला तर पुढं रानात सोडता येत न्हाई. त्यो शर्ट धुवायला बी बंदी. खुंटीला टांगला की दुधाचा, लेंड्यांचा, घामाचा वास अख्ख्या खोलीत. मी नाक मुरडलं की हे म्हणायचे, "राहू दे गं. वास बदलला तर ती प्यायची न्हाई."

ती! मला ताप आला तवा "गोळी घे" म्हणून मोकळा झालेला हा माणूस. अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता.

आमची लेक झाली तवा हे काश्मिरात. ती चालायला लागल्यावर ह्यांना रजा मिळाली. तिनं ह्यांना बघितलं आणि माझ्या पदराआड लपली. तिला ह्यांनी एकदा बी मांडीवर घेऊन दूध पाजलं न्हाई. आणि आता? मी एकदा भाकरी घेऊन वर गेले, तवा कुंपणाबाहेरनं बघितलं. पाडस ढुसण्या देत पीत हुतं, आणि मालकांच्या तोंडावर असलं काय हसू हुतं, जे मी आमच्या लग्नात बी बघितलं न्हाई. भाकरीचं फडकं फाटकाला अडकवलं आणि तशीच उतरले. खाली बायका हसून विचारायच्या, "काय गं, सवत काय म्हणती?" मी म्हणायची, "दूध वाढवा म्हणती."

पाडस मोठं झालं, कळपात मिसळलं. मग ह्यांना त्याच्यासमोर जायची मनाई झाली. आणि एक दिवस जेवताना हे म्हणाले, "कळप चांदोलीला धाडायचा हाय. तिकडं वाघ आणून सोडल्यात."

"मग?"

"वाघाला खायला नको व्हय? सगळीच काय वाघाच्या तोंडी जात न्हाईत म्हणा. चितळं वाढली तर रान भरंल."

असं म्हणाले खरं, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. खोटं कशाला बोलू, मला आतनं बरं वाटलं. जाऊ दे म्हटलं एकदाची.

हिरव्या कापडाच्या दोन भिंती घालून वाट केली हुती, चाऱ्याच्या आशेनं चितळं आपली आपण गाडीत चढली. हे कापडामागं उभे, अंगात दुसरा शर्ट, तिला वास लागू नये म्हणून. ती गेली. वळून बघितलं न्हाई. गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागली तरी हे तिथंच.

आमच्या घरात रेंज न्हाई, गोठ्याच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीपाशी तेवढी येती. चांदोलीकडचा ह्यांच्या ओळखीचा एक वनरक्षक हाय, रानातल्या कॅमेऱ्यात फाटक्या कानाची दिसली तर फोन करतो म्हणाला हुता. झालं! दिवस मावळला की हे शिडी चढायचे. टीव्हीवर वाघ आला की बटण बंद. खाली आले की तोंड एवढंसं.

मी खालनं बघत बसायची. सरहद्दीवर गोळीबार झाला अशी बातमी आली की ह्याच टाकीपाशी मी उभी राहायची, लेकीला काखेत मारून. कवातरी फोन लागायचा, आणि हे तिकडनं वैतागायचे, "मी ठीक हाय की! रडतीस कशाला?"

परवा चहा घेऊन वर गेले. फोन आला न्हवताच. मोबाईल हातात धरून हे उसाकडं बघत बसले हुते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "एवढी वर्सं तू इथं कशी गं काढलीस?"

ह्यांनी एवढं एकदा विचारावं म्हणून माझा जन्म गेला. आणि विचारलं ते कुणापायी? तिच्यापायी! रागानं डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चहा ह्यांच्या हातात दिला.

"सरका तिकडं," म्हटलं. "इथं बसून काय हुतंय? रेंज टाकीच्या त्या कोपऱ्यात येती."