बुडाखालचा कापूस

माझा धाकटा दीर समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्यात माझा वाटा किती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या काळी मुंबईला कापसाच्या भावावर आकडा लावत. सकाळची मुरुडची एस.टी. आली की आदल्या दिवशीचा आकडा आमच्या कोळीवाड्यात पोचायचा. होडी दोघा भावांची. हंगामात माझ्या नवऱ्याला डोकं खाजवायला फुरसत नसे. जाळ्यात जितकी पापलेटं, तोच आकडा चहाच्या टपरीवर सांगून तो चालू लागायचा. दोन-तीनदा लागलाही. मीच एकदा हौसेनं म्हणाले, "उभ्या उभ्या सांगून लागतो, तर बसून इचार केलाव तर काय व्हईल?"

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या आणि त्याला बसायला वेळच वेळ मिळाला. तो पडवीत एका गाठोड्यावर ठाण मांडून बसला. भिंतीवर कोळशानं आकडे मांडू लागला, कुठला कशानंतर येतो ते. माझी स्वप्नंही विचारायचा आणि स्वप्न पडलं नाही म्हटलं की चिडायचा. जितका विचार वाढला तितका आकडा हुकू लागला. मग का हुकला, याचं कारण शोधण्यात दुपार जायची, आणि कारण हटकून सापडायचं. हरल्यावर तो इतका खूश दिसायचा की मला त्याची भीती वाटायची.

पावसाळ्यात होडीच्या फळ्यांमधल्या फटी भराव्या लागतात. कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल. आमच्या घरात हे काम थोरल्याचं, आणि थोरल्यानं भरलेल्या फटीवरून धाकट्यानं हात फिरवून बघायचा नाही अशी रीत. तो अपमान समजत. दीर जाळी विणता विणता नुसतं विचारायचा, "दादूस, फटी भरल्यास ना?"

"व्हय व्हय."

मी नवऱ्याला एकदाच होडीकडे जाताना पाहिलं होतं, तेही लगेच परतताना. मी गप्प बसले. म्हटलं, आकडा लागायच्या बेतात असेल, कशाला मोडता घाला!

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "तू हो फुडं. मी एस.टी. बघून दुसऱ्यांच्या होडीतून येतो."

दीर हसला. "वैनी, आज याला ताटात आकडाच वाढ." आणि एकटाच गेला.

मी पडवी सारवायला घेतली. नवऱ्याला उठवलं आणि ते गाठोडं ओढलं. गाठ सुटली. आत कोरा कापूस होता.

"ह्यो कापूस कसला?"

तो भिंतीकडेच बघत होता. "एक बाजू ऱ्हायली हाय. उद्या करीन."

"अवो, होडी गेली हाय!"

तेव्हा कुठे त्याचं तोंड पांढरं पडलं. आम्ही किनाऱ्याकडे धावत सुटलो. वारा वाढला होता आणि होडी कुठेच दिसत नव्हती. शोधायला दोन होड्या गेल्या. नवरा छातीभर पाण्यात उभा राहून भावाला हाका मारत होता.

इतक्यात एस.टी. आली. टपरीवाला वाळूतून पळत येत होता, लांबूनच हात नाचवत ओरडत होता, "लागला रे! तुजा आकडा लागला!"

नवऱ्याला ते ऐकू गेलं का, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.