न दुखणारी छाती

स्पिरिटचा वास आला की मला रत्नागिरीतला तो दवाखाना आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. आदल्या वर्षी वडिलांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला होता, म्हणून आंबे उतरवायला झाडावर चढण्याआधी मीच हट्टाने त्यांना तपासणीला आणलं होतं. उघड्या छातीला वायरी चिकटवून ते सरकत्या पट्ट्यावर चालत होते, माझ्याकडे बघून हसत होते. डॉक्टरांनी मध्येच यंत्र थांबवलं. "दुखला नाय, दम लागला नाय, मग बंद कशाला केलात?" वडील चिडले. "हृदयाला रक्त पुरत नाहीये, काका," डॉक्टर म्हणाले. "दुखलं असतं तर तुम्हीच थांबला असतात. तुम्हाला ते कळतच नाही, त्याचीच भीती आहे." घरी परतताना संगमेश्वरच्या एसटीत वडील शेजारच्याला सांगत होते, "मशीन दमली, मी नाय!" मी परोपरीने समजावलं. "दुखायला लागला की उतरेन," एवढंच ते म्हणाले. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन ते झाडावर चढत राहिले. मी खाली उभा राहून विचारायचो, "बाबा, दुखतंय का?" वरून उत्तर यायचं, "नाय रे." एका सकाळी तसंच "नाय रे" आलं, पाठोपाठ आंबे काढायची घळ हातातून सुटून खाली पडली, आणि मग वडील. परवा माझ्याही छातीला तशाच वायरी लावल्या. "दुखतं का कधी?" डॉक्टरांनी विचारलं. मी "नाही" म्हणालो, आणि त्या पट्ट्यावर पाऊल टाकायचं मला धाडस होईना.