पंचफुलाच्या हातातली कळशी

खरं सांगते, त्या श्रावणात मी औंढ्याला पायी निघाले तेव्हा माझ्या मनात भक्ती कमी आणि राग जास्त होता. आमच्या यांना, म्हणजे माझ्या मालकांना, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं जड झालं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं न चुकता आमच्या विहिरीचं पाणी नागनाथाला नेऊन घातलं, त्याच्यावरच देवाने हात उचलावा? देवघरासमोर बसून मी हे मोठ्याने विचारायची. आतून सून कविता म्हणायची, "आत्या, हळू बोला, मामा ऐकून राहिले." ऐकू दे, म्हणायची मी.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या अलीकडे. तिथून पंधरा-वीस माणसं दरवर्षी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारसाठी औंढ्याला तीन दिवस चालत जातात. यांची त्यात एक वेगळी रीत होती. विहिरीचं पाणी तांब्याच्या लहान कळशीत भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि कळशी दोरीच्या शिंक्यात घालून खांद्याला लावायची. वाटेत बसायचं झालं तर शिंकं फांदीला अडकवायचं, पण नागनाथापर्यंत कळशी जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली तर पाणी तिथेच ओतून माघारी फिरायचं. श्रावण जवळ आला तसं यांना दुसरं काही सुचेना. "पाणी कोन नेईन?" एवढं एकच अडखळत विचारायचे, आणि डोळ्यांना पाणी यायचं. आई गेली तेव्हाही न रडलेला माणूस हा. मी म्हटलं, मी नेते.

सोबतची मंडळी म्हणाली, वहिनी, आपण पाळीपाळीने धरू. मी साफ नाही म्हटलं. माझा स्वभावच तसा. घरीही यांना अंघोळ घालण्यापासून गोळ्या देण्यापर्यंत कविताला मी हात लावू देत नसे. यांचं सगळं मलाच नीट जमतं, असं मी धरून चालले होते. चार महिने धड झोप नव्हती, भाजी चिरताना डुलक्या यायच्या, तरी हेका सोडला नाही. निघताना तर आणखी एक शहाणपणा केला. शेजारच्या सखुबाईंनी नवी दोरी वळून शिंकं आणून दिलं होतं, ते मी परत केलं. यांच्या हातचं जुनंच शिंकं घेतलं, कारण ते यांच्या हातचं होतं. दोरी कुजलेली आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सेनगाव मागे टाकलं आणि झड लागली. आमच्याकडे झड लागली की दोन-दोन दिवस पाऊस हटत नाही. मंडळींनी जवळ पडतं म्हणून शेतातली वाट धरली. काळ्या मातीने पाय इतके जड झाले की मी चपला काढून कमरेला खोचल्या. दोन्हीकडे सोयाबीन पाण्यात उभं, मधेच हळदीची रुंद हिरवी पानं. मी मागे पडत गेले. पुढून हाका यायच्या, मी ओरडून सांगायची, तुम्ही व्हा पुढे. माझं तोंड सगळ्यांना ठाऊक, दोनदा विचारून ते गेले.

ओढ्याच्या उतारावर पाय सटकला. घोट्यातून कळ गेली आणि त्याच झटक्यात शिंक्याची दोरी तुटली. कशी कोण जाणे, मी कळशी छातीशी कवटाळली आणि बदकन चिखलात बसले. थोडं पाणी फडक्यातून हिंदकळलं, पण कळशी टेकली नाही. आता मात्र पंचाईत झाली. हात टेकल्याशिवाय उठता येईना, आणि हात टेकायचा तर कळशी ठेवायची कुठे? शिंकं तुटलेलं, हाताशी झाड नाही, अंगावर पाऊस. घरी तो माणूस तीन दिवस दाराकडे डोळे लावून बसणार होता. मी वर बघून म्हटलं, "झालं आता समाधान?"

"माय, पडल्या का तुमी?"

हळदीच्या रानातून एक बाई येत होती. साठीची असेल. लुगडं वर खोचलेलं, त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात खुरपं. ती हात पुढे करून कळशी घ्यायला आली तशी मी खेकसले, "तिला नको, मला उचला!" ती हसली. मागून काखेत हात घालून तिने मला उभं केलं आणि टेकू देत आपल्या आखाड्यावर, शेतातल्या पत्र्याच्या खोलीत नेलं. चालता चालता मी यांचं, पाण्याचं, रीतीचं सगळं सांगून टाकलं. तिचं नाव पंचफुला.

तिने तीन दगडांच्या चुलीवर हळद-मीठ गरम केलं. घोटा टम्म सुजला होता. "दोनी हातांनी चोळा, बिगी बिगी," ती म्हणाली. मी कळशीकडे बघितलं. तिने हात पुढे केले आणि मधेच थांबवले.

"आमी बौद्ध हाव, माय. चालंल का, ते आधीच सांगा. मागून बोलनं नको."

मी थांबले. एका श्वासाइतकीच, पण थांबले. हे लपवलं तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. माहेरच्या स्वयंपाकघरात लहानपणी जे ऐकलं होतं, ते इतक्या वर्षांनी माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. तिने ते ओळखलं. तिला ते नवीन नसणार. तरी तिने ना तोंड फिरवलं, ना हात मागे घेतले. मी कळशी तिच्या हातात दिली. "चालतं," असं म्हटलं, तेही उशिरा.

पाय चोळला. ऊब लागली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मागे पोती रचलेली होती, त्यांना जरा टेकले. दोन मिनिटं डोळे मिटावेत एवढंच मनात होतं.

जाग आली तेव्हा चूल विझून राख झाली होती आणि उजेड कलता झाला होता. माझ्या अंगावर कोरडं चवाळं होतं. कळशी! धडपडत मान वळवली, तर पंचफुला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. दंड थरथरत होते.

"उठवायचं ना मला!"

"काहून उठवू? लेकरावानी झोपल्या व्हत्या तुमी. किती दिसाची झोप व्हती ती?"

"मग बसायचं तरी."

"बसले व्हते की. बसलं की मलाबी डुलकी येऊन राहिली. म्हून उभी राहिले."

दुपारभर ती बाई कळशी धरून होती. मी म्हटलं, तुम्ही तर देव मानत नाही. ती म्हणाली, "न्हाई मानत. पर तुमचे मालक मानतात ना. त्याइच्यासाठी धरलं." मग मी रडले. चार महिन्यांचं सगळं रडले, आणि तेवढा वेळही कळशी तिच्याच हातात होती. रडून झाल्यावर मी तिला म्हटलं, "मघाशी मी थांबले, ते चुकलं माझं." ती म्हणाली, "दिसलं मला. मंग दिली बी की." आणि विचारलं, "घरी कोन हाय त्याइच्यापाशी?"

"सून."

"मंग झालं तर. त्याइलाबी धरलंच हाय कोनीतरी."

जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून तिने मला नवं शिंकं करून दिलं, तेवढा वेळ कळशी मी धरली. मग डांबरी रस्त्यापर्यंत ती सोबत आली, कळशी घेऊन. मला शोधत मागे फिरलेली आमची मंडळी तिथेच भेटली. त्यांनी पाण्याला हात पुढे केले, आणि या वेळी मी नाही म्हटलं नाही. पुढची वाट कळशी पाळीपाळीने सगळ्यांच्या खांद्यावर गेली. औंढ्याच्या गाभाऱ्यात खाली उतरायची वाट फार अरुंद, सुजलेल्या पायाने मला उतरवेना. पाणी या हातातून त्या हातात करत खाली गेलं. मी वरूनच हात जोडले. राग कुठे गेला होता कोण जाणे.

घरी आले तर हे खाटेवर तक्क्याला टेकून बसलेले, दाढी गुळगुळीत केलेली. मला चार महिन्यांत ते जमलं नव्हतं. कविता दारात अपराध्यासारखी उभी, हात लावला म्हणून मी रागावेन या धाकाने. यांनी एकच विचारलं, "टेकली न्हाई ना?"

"टेकली नाही. पण मी एकटीने नाही नेली." आणि मी सगळं सांगितलं, माझं थांबणं आणि झोपणं यांसकट. वाटलं, यांना वाईट वाटेल. हे मात्र अर्ध्या ओठांनी हसायला लागले आणि अडखळत, एकेक शब्द जुळवत बोलले.

"म्या कुठं एकट्यानं नेली? ताप आला तवा एका म्हशीवाल्यानं दोन कोस नेली. एकदा एका मास्तरीणबाईनं. दरसाल कोनीतरी हायच."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"तू इचारायची, पाणी पोचलं का. पोचलं, म्हनायचो." मग डाव्या हाताने माझा हात धरून हळूहळू म्हणाले, "आता मलाबी धरू दे की कोनाला. तू झोप."

कविताला मी जवळ बोलावलं. यांची दाढी बघून म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगली केलीस," आणि गोळ्यांचा डबा तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

नागनाथाला मी आता जाब विचारत नाही. त्याने माझ्या मालकांना चालतं केलं नाही, पण धरायला माणसं दिली, आणि ती मला दिसत नव्हती हा दोष माझ्या डोळ्यांचा होता. पंचफुलाला हे सांगितलं तर ती हसेल; म्हणेल, देवाचं मधे काहून आणता, धरलं तर मीच. तेही खरंच आहे. दोघांचीही मी ऋणी आहे. रोज दुपारी यांना कविताच्या हाती सोपवून मी आडवी होते. डोळे मिटताना ती दिसते, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली, दारात उभी. मग मला झोप लागते.