वर बसलेल्यांना विचारणारा अंबादास

अंबादास खोटं बोलतो, असं मी चारचौघांत म्हणालो होतो.

आज सकाळी तो गेला. ते विधान अजून माझ्या नावावर आहे.

नवी पेठेमागच्या गल्लीत एका शटरच्या गाळ्यात त्याचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. पूर्वी तिथे त्याच्या वडिलांचे माग चालत.

मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. समोरच्याच्या बोलण्यातली फट शोधण्याची सवय निवृत्तीनंतर कमी होण्याऐवजी वाढली.

काही वर्षांपूर्वी मुलगी आणि जावई यांनी अंदमानचा बेत काढला. दोघंही स्कूबा डायव्हिंग करतात. मी आणि माझी पत्नी सुमन, आम्ही घोट्यापर्यंत पाण्यात उतरणारे. दोघांना डायव्हिंग मिळेल आणि उरलेल्या दोघांचे हाल होणार नाहीत, असं बेट हवं होतं.

मुलीने एक नाव पाठवलं होतं. रिव्ह्यू उत्कृष्ट. मी ते अंबादासला दाखवायला गेलो. त्याने नकारार्थी मान हलवली.

"पोरांना भारी हाय ओ सर. अक्कांना न्हाय. हे दुसरं घ्या. जेट्टीला लागून झाडं हायत, बाकडी हायत. वॉशरूम जवळ. उतरायला पायऱ्या सात."

"सात?"

"सातच. कठडा एकाच बाजूला."

मला संशय आला. इतका तपशील ज्याला तोंडपाठ, त्याचा तिथे काहीतरी स्वार्थ असणार.

"तुम्ही तिथे किती वेळा गेलात?"

"एकदाबी न्हाय."

"मग अंदमानला?"

"मी समुद्रच बगितला न्हाय अजून. सुट्ट्यांत लोकं फिरत्यात, तवा मी हितंच की."

न पाहिलेल्या बेटाच्या पायऱ्या मोजणारा साक्षीदार! मी खुर्चीला टेकून विचारलं, "त्या दुसऱ्या बेटाचं कमिशन जास्त आहे का?"

"दोनीकडं सारकंच," तो म्हणाला. रागावला नाही. त्याचाही मला संशय आला.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी आमच्या फिरण्याच्या ग्रुपला मी हा प्रसंग रंगवून सांगितला, आणि हा माणूस खोटं बोलतो म्हणालो. सगळे हसले. एका गृहस्थांनी तर त्याच्याकडचं बुकिंग रद्द केलं. मी त्यांना अडवलं नाही.

आम्ही ऑनलाइन बुकिंग करून मुलीने सुचवलेल्या बेटावर गेलो. मुलं बोटीने डायव्हिंगला जात. मी पुस्तक वाचत बसे. सुमन शेजारी.

"छान आहे ना?"

"छान आहे."

परतल्यावर आठवड्याभरात सुमनचा फोन वाजला. अंबादास.

याच्याकडे हिचा नंबर कसा?

"मीच दिला होता," ती म्हणाली. मी स्पीकर लावायला सांगितला.

"अक्का, बुकिंगचं न्हाय ओ. एवढंच सांगा. पोरं पाण्यात असताना तुमी कुटं बसला होता?"

"धक्क्यावर. सिमेंटवरच."

"सावली?"

"दहापर्यंत. मग छत्री."

"वॉशरूम?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही. "लांब. वाळूत गुडघा चालेना. मग मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. तिन्ही दिवस."

मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

"आनि भ्या वाटलं का?"

"बोट आली की आधी डोकी मोजायचे. एकदा एक कमी भरलं. जावई खाली वाकून बूट काढत होता!"

दोघंही हसली.

"सरांना सांगितलं न्हाय?"

"ते विचारतात हो. पण उत्तर ठरवून विचारतात."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेलो. माफी मागायला नव्हे. हा माणूस कशासाठी फोन करतो, ते तपासायला.

त्याने एक फुलस्केप वही पुढे केली. एकेका बेटाला एकेक पान. बार्शीच्या मावशी : बाकडं ओलं असतं, प्लॅस्टिक न्यावं. निवृत्त गुरुजी : दुपारी चहा मिळत नाही. अकलूजच्या अक्का : पायऱ्या सात, कठडा डावीकडं.

त्यात एकही डायव्हर नव्हता.

"त्यांना का विचारत नाही?"

"त्येनला खालचं दिसतं ओ सर. वर बसलेल्याचं काय म्हाईत? पानी भारी म्हनत्यात. पानी सगळीकडंच भारी हाय."

विश्वासू माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं साधन असतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. घरातल्या साक्षीदाराला मात्र एक धड प्रश्न विचारला नव्हता.

पुढच्या वर्षी त्याने सांगितलेल्या बेटावर गेलो. उतरताना मी पायऱ्या मोजल्या आणि तिथूनच फोन लावला.

"अंबादास, आठ आहेत."

"आत्ता ओहोटी हाय का सर?"

होती.

"मग बरोबर. अकलूजच्या अक्का भरतीला उतरल्या होत्या. थांबा, लिवून घेतो."

झाडाखालच्या बाकावर सुमनने त्या दिवशी दोन शहाळी प्यायली. मी मोजली.

त्यानंतर बुकिंग नेहमी त्याच्याकडेच केलं, आणि माफीऐवजी तेवढं पुरे आहे अशी स्वतःची समजूत घातली. आज फिरण्याच्या ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर त्याच लोकांचे हात जोडलेले इमोजी येत आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. माझ्या गप्प बसण्यावरही नाही.

म्हणून नोंदवतो. माझा आधार असा होता की तो तिथे गेला नव्हता. आधार खरा, निष्कर्ष चूक. तो खोटं बोलत नव्हता. चारचौघांत केलेला आरोप चारचौघांत मागे घेतो. ज्याच्यासमोर घ्यायला हवा होता, तो ऐकायला नाही.

तो आता जिथे गेला, तिथली काहीही माहिती माझ्याकडे नाही. तिथून कुणी परतलं असतं, तर अंबादासने फोन करून विचारून ठेवलं असतं.

बसायला कुठे आहे? सावली आहे का?

अंबादास, माझं चुकलं. सुमनचा आणि माझा शेवटचा नमस्कार.