दोन बरण्यांतल्या माशा

बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मीच बदलल्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं हे करावं, याची लाज अजून गेलेली नाही.

दुबलगुंडीजवळ आमचं थोडं शेत आहे. तिथले माझे दोडके दरसाल आतून किडून गळायचे. बांधापलीकडे शेळ्या पाळणाऱ्या शेजारीण अक्कांचा लेंड्यांचा उकिरडा होता. माशा तिथूनच येतात, असं मी ठणकावून सांगितलं.

"लेंडीवरली माशी दोडक्याला कामून डसंल, सर?" अक्का म्हणाल्या.

मी पुरावा द्यायचं ठरवलं. माशीच्या अळ्या मातीत शिरून कोष करतात. उकिरड्याखाली आणि माझ्या वेलाखाली खणलं, तर दोन्हीकडे गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष निघाले. ते आपापल्या मातीसकट दोन बरण्यांत घातले, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि 'अक्का', 'मी' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. रोज थोडं पाणी शिंपडायचो.

बायको शेजारणींना सांगायची, "लोक कोंबड्या पाळत्यात, आमचे हे माशा पाळायलेत. अंडी कवा देत्यात बघू!"

आठवडाभरात माशा निघाल्या. उकिरड्याच्या बरणीत चहाच्या गाड्यावर असतात तसल्या करड्या घरमाशा. माझ्या बरणीत तांबूस, पिवळ्या पट्ट्यांच्या फळमाशा. किडके दोडके खत म्हणून मीच वेलाच्या बुडाशी टाकत होतो. म्हणजे फळमाशा मीच पोसल्या होत्या.

अक्का बघायला आल्या, तोवर चिठ्ठ्या बदलून झाल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बरण्या निरखल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती साठीची बाई टोपलीनं उकिरडा शेताच्या पार टोकाला न्यायला लागली. मला जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी बायकोनं बरणी उचलली. "तुमच्या नावाच्या बरणीत लेंड्या कशा हो? तुमी शेळ्या कवा घेतल्या?"

मी तसाच शेतावर गेलो. अक्का टोपली भरत होत्या. "बायकोला त्या बरणीत लेंड्या दिसल्या," मी म्हणालो.

"लेंड्या मला बी दिसल्या, सर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जलम गेला शेळ्यामागं."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तराला खोटं कसं म्हणू? तुमी बोलायची वाट बघायलते. पाठ मोडायची वेळ आली की!"

मी त्यांच्या हातातली टोपली घेतली. "अक्का, माशा माझ्याच होत्या. चिठ्ठ्या मी बदलल्या, खोटं बोललो. माफ करा."