ओढ्यापलीकडच्या सिस्टरबाई

"भ्यायचं असेल तर आधी हात धू, मग भी," असं आमच्या सिस्टरबाई म्हणायच्या. त्यांची आठवण झाली की मला हेच आधी ऐकू येतं, म्हणून पहिलं तेच लिहिलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर तर चिखलातून कोंबडी चालावी तसं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

अशी बाई तुम्हीही कुठं ना कुठं पाहिली असेल. पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, पायात काळ्या चपला. हात धुतले की त्या पदराला पुसायच्या नाहीत. दोन्ही हात वर धरून वाऱ्यावर वाळवत चालायच्या. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "बाईला पोलिसानं धरलंय का काय? हात वर करून निघाली ती!"

घोडेगावपासून थोडं आत आमचा मिशनचा दवाखाना होता. आमचे हे तिथं जीपवर ड्रायव्हर, म्हणून कंपाउंडात आम्हाला खोली होती. शेजारच्या खोलीत सिस्टरबाई. एकट्याच राहायच्या. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला एक व्यापारी एकदा दंडाला बैलाचं शिंग लागून आला. टाके घालताना असा ओरडत होता की झाडावरचे पक्षी उडाले. सिस्टरबाई म्हणाल्या, "बैल बाहेर गप उभा आहे. तुम्ही का हंबरता?"

मी लहानपणापासून भित्री. कुत्र्याला भ्यायची, डॉक्टरांना भ्यायची, पाळकसाहेबांनी बायबलातलं वचन विचारलं तर घाम फुटायचा. त्या मला म्हणायच्या, "भित्री बाई घरात बरी असते. दूध उतू जात नाही."

लढाई होऊन बांगलादेश नवा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. तिथल्या आजारी लोकांची सेवा करायला मिशन काही महिन्यांसाठी नर्सेस पाठवत होतं. कोण जाईल, असं सभेत विचारलं. सिस्टरबाईंनी हात वर केला. "तो आधीपासून वरच असतो," असं डॉक्टर म्हणाले आणि सगळे हसले. जाताना आम्ही बायकांनी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दिल्या.

त्या परत यायच्या दिवशी कंपाउंडात उपकारस्तुती ठेवली होती. प्रवासातून कोणी सुखरूप आलं की आमच्यात देवाचे आभार मानायला अशी प्रार्थना करतात, मग जेवण. पताका लावल्या, पेटी झाडून ठेवली. मंडळी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली. पाळकसाहेबांच्या हातात हार होता. सासूबाईंच्या पदराखाली भाकरीचा तुकडा होता. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, आणि पाळकसाहेबांना ते आवडायचं नाही, म्हणून पदराखाली. त्यांच्याच कडेवर माझी धाकटी, रूथी.

एसटी थांबली. सिस्टरबाई ट्रंक घेऊन मागच्या दारानं उतरल्या. वाळून काटकी झालेल्या. आम्ही पुढं झालो तशा ओरडल्या, "तिथंच थांबा! कोणी जवळ येऊ नका!"

सगळे जागच्या जागी थांबले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "परदेश बघून आल्या, आता आमची शिवाशिव होती जणू."

"मनमाड सोडलं आणि अंगात कसकस सुरू झाली," त्या मोठ्यानं सांगू लागल्या. "आमच्यातली एक पोरगी कलकत्त्याला उतरवली. तिच्या अंगावर देवी आल्या होत्या. मी तिच्या शेजारी बसून आले होते."

देवीचा रोग म्हटल्यावर मंडळी मागं सरकली. एकट्या सासूबाई मात्र सरकल्या नाहीत. त्यांना कमी ऐकू यायचं. त्या तुकडा काढून सरळ पुढं गेल्या. "आली गं माझी बाई, किती वाळली," म्हणत त्यांनी तुकडा ओवाळला, आणि कडेवरच्या रूथीनं सिस्टरबाईंचा पदर मुठीत धरून तोंडात घातला.

सिस्टरबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी पदर ओढून घेतला. रूथी रडायला लागली. "हिला टोचलंय का?" त्यांनी मला विचारलं.

टोचलं नव्हतं. देवी टोचणारा आला तेव्हा तिला खरूज झाली होती, म्हणून पुढच्या खेपेला टोचू, असं ठरलं होतं. नाही म्हणून मी मान हलवली.

"आजच्या आज टोचणाऱ्याला आणा! जीप काढा!" एवढं म्हणून त्या ट्रंक उचलून कंपाउंडाला वळसा घालून गेल्या. ओढ्यापलीकडं एक रिकामी खोली होती, तिथं राहिल्या. जेवण ओढ्याच्या मधोमध दगडावर ठेवायचं आणि आपण मागं फिरायचं.

आमचे हे नेवाशाहून टोचणाऱ्याला जीपमध्ये घालून घेऊन आले. रूथीच्या दंडावर टोचलं. सासूबाईंना सगळं ओरडून सांगितलं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या. "माझ्याच हातानं नेली की गं मी तिला," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून नळावर बायका मला पाहून घागरी बाजूला घ्यायच्या. एक जण म्हणाली, "उपकारस्तुतीला गेल्तो आन् देवी घेऊन आलो." मला राग आला नाही. त्यांच्याही घरात लेकरं होती.

रोज सकाळी मी रूथीला ओढ्याच्या काठावर न्यायची. त्या साली ओढ्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू. पलीकडं सिस्टरबाई खोलीच्या दारात उभ्या असायच्या, कधी ताप नसला तर. ताप असला तर बाज दारात ओढून पडलेल्या.

"कपडे काढ तिचे. उन्हाकडं धर. आता पालथी कर. तळपाय दाखव!"

मी रूथीला मेथीच्या जुडीसारखी उलटी-सुलटी करून दाखवायची. रूथीला वाटायचं खेळ चाललाय, ती खिदळायची. मी मात्र तिच्या अंगावरचं एक एक घामोळं बोटानं चाचपून बघायची.

रविवारी पाळकसाहेबांनी उपकारस्तुती ओढ्यावरच घेतली. अलीकडं मंडळी, पेटी, टाळ. पलीकडं बाजेवर गोधडी पांघरलेल्या सिस्टरबाई. आमचं कडवं संपायचं तेव्हा त्यांचं अर्ध्यावर असायचं, आणि त्यांचा सूर तर कायमच भलतीकडं. पेटीवाला हसू दाबत होता. मी गाऊ शकले नाही. देवाचे उपकार अजून मानायचे की नाही, हेच मला कळत नव्हतं.

मग रूथीला ताप भरला. भर दुपारी तिचं अंग तव्यासारखं तापलं. मी तिला घेऊन अनवाणी पळत ओढ्यावर गेले. हाका मारल्या. त्या बाज धरून उठल्या.

"पुरळ कुठं आहे?"

"दंडावर फोड आलाय."

"दुसरीकडं? तोंडात बघ. तळहात बघ."

"न्हाई. कुठंच न्हाई, बाई."

"मग टोचल्याचा ताप असेल."

"नक्की ना?"

"नक्की माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "उद्या परत दाखव."

मी वाळूत खाली बसले. त्याही पलीकडं खाली बसल्या. मग मी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती वाटत न्हाई?"

"लई वाटती," त्या म्हणाल्या. "तिथं एक लेकरू माझ्या मांडीवर गेलं. त्याच्या आईला वाटलं, मी त्याला झोपवतीय. ती मला खुणेनं सांगत होती, हळू, उठेल. मला तिची भाषा येत नव्हती. कसं सांगायचं? मी तशीच थोपटत बसले." मग म्हणाल्या, "रूथीनं पदर धरला तेव्हा मला तीच बाई दिसली. फक्त तोंड तुझं होतं."

मी घरी गेले. त्या दिवसापासून मी रूथीच्या अंगावरून नजर हलवली नाही. भाकरी थापतानासुद्धा तिला समोर निजवायची. ताप हळूहळू उतरला. दंडावरचा फोड भरला, मग वाळला. दुसरा एकही उठला नाही. सिस्टरबाईंचा ताप हिवताप निघाला. एक दिवसाआड थंडी वाजून यायचा, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कलकत्त्याच्या त्या पोरीचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. सिस्टरबाई तिच्यासाठी प्रार्थना करायच्या.

नंतर त्या काही वर्षं दवाखान्यात होत्या. मग नोकरी संपली तशा श्रीरामपूरकडं भावाकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मातीला मला जाता आलं नाही. शेजारच्या खोलीत आता दुसरी माणसं आहेत.

मला त्या दिसतात त्या रूथीच्या दंडावरची खपली पडली त्या दिवशीच्या. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. सकाळीच त्या वाळूतून चालत अलीकडं आल्या, काठीचा आधार घेत, धुतलेलं पांढरं पातळ नेसून. आमच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले. मी रूथीला दिली. त्यांनी तिचा दंड पाहिला, तळपाय पाहिले, मग तिला मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं रूथीनं पातळावर धार सोडली. मी घ्यायला पुढं झाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

पातळ ओलं होऊन पायरीवर पाणी उतरलं. ऊन चढेपर्यंत त्या हलल्या नाहीत.